जुना चित्रपट कानानं निवडा

जुना चित्रपट लावला आणि अर्ध्यावर सोडला, असं सांगणारी माणसं मला नेहमी भेटतात. तक्रारी ठरलेल्या: संथ आहे, अभिनय नाटकी आहे, चित्र पुसट आहे. आवाजाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. मी ध्वनिमिश्रणाचं काम करते. पडद्यावर जे दिसतं त्याच्यासोबत काय ऐकू यावं, किती यावं आणि कुठे काहीच येऊ नये, हे ठरवण्यात माझा दिवस जातो. त्यामुळे असेल, पण कुणी ‘सुरुवात कुठून करू?’ असं विचारलं की मी सालवार यादी देत नाही, सर्वकालीन श्रेष्ठ शंभरांची तर नाहीच नाही. मी आवाजाच्या अंगानं चित्रपट सुचवते. डोळ्यांना भराभर बदलणाऱ्या चित्रांची सवय झाली आहे आणि ती एका संध्याकाळीत मोडत नाही. कानांचं तसं नाही. जिन्यावरची पावलं, बंद दारामागची कुजबुज, मारलेली आणि उत्तर न आलेली हाक, यांनी १९३१ साली पोटात जसा गोळा यायचा तसाच आजही येतो.

आधी यंत्र नीट लावून घ्या. टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी ‘मोशन स्मूदिंग’ नावाची सोय असते, ती बंद करा. पन्नासच्या दशकाआधीचं चित्र जवळजवळ चौकोनी असतं, दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसणारच. ते घालवायला चित्र ताणलंत तर माणसं बुटकी आणि रुंद होतात. मोठं केलंत तर डोकी कापली जातात. चित्राचं एवढं पुरे.

आवाजाकडे मात्र जरा जास्त लक्ष द्या. साउंडबारमधला किंवा टीव्हीतला ‘सराउंड’ बंद करा. त्या काळचे जवळजवळ सगळे चित्रपट मोनो आहेत, पडद्यामागून येणाऱ्या एकाच आवाजासाठी मिसळलेले. तो आवाज यंत्रानं खोलीभर पसरला की संवाद पातळ होतात आणि बोलणारा माणूस पडद्यावर राहत नाही. ट्रेबल, म्हणजे वरचे स्वर, चढवू नका. आवाज फिल्मच्या कडेला प्रकाशाच्या बारीक पट्टीच्या रूपात छापलेला असे. त्या पट्टीची सरसर ऐकू येऊ नये म्हणून चित्रपटगृहातच वरचे स्वर दाबले जात, आणि ध्वनिमुद्रण करणारे हे धरूनच काम करत. म्हणून ट्रेबल वाढवला की शब्द स्पष्ट होत नाहीत, सरसर तेवढी वाढते. त्याऐवजी एकूण आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा ठेवा. हेडफोन असतील तर उत्तमच.

कॉपी निवडताना तीन गोष्टी पाहा. पहिली, मूळ मोनो आवाजाचा पर्याय असेल तर तोच घ्या. ‘व्हर्टिगो’ या १९५८ च्या चित्रपटाची १९९६ साली मोठी डागडुजी झाली, तेव्हा पावलांचे आणि इतर कितीतरी आवाज नव्यानं मुद्रित केले गेले. चित्र देखणं झालं, पण त्या पावलांचे आवाज नव्वदच्या दशकातले आहेत हे मला प्रत्येक वेळी जाणवतं. दुसरी, सरसर पार घासून काढलेली कॉपी टाळा. सरसरीबरोबर श्वास जातात, कपड्यांची सळसळ जाते, दोन शब्दांमधली जागा पोकळ होते. थोडी सरसर राहू द्या, दहा मिनिटांत ती ऐकू येईनाशी होते. तिसरी, चित्रपटाची लांबी मूळ लांबीशी ताडून बघा. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट युरोपातल्या जुन्या डीव्हीडींवर २५ नं धावतो. त्यामुळे ९६ मिनिटांचा चित्रपट ९२ मिनिटांत संपतो आणि सगळ्यांचे आवाज जवळजवळ अर्ध्या स्वरानं चढतात. गाण्यांच्या चित्रपटात हे फार खटकतं.

आता पहिला चित्रपट. मी सांगते तो सिडनी ल्युमेटचा १९५७ चा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’. ९६ मिनिटं, बारा माणसं, एक खोली. एका मुलावर वडिलांच्या खुनाचा आरोप आहे आणि तो दोषी की निर्दोष हे या बारा जणांनी एकमतानं ठरवायचं आहे. संगीत जवळजवळ नाहीच. उकाडा आहे, पंखा चालत नाही, एकाला सर्दी झाली आहे आणि तो सारखं नाक शिंकरतो. पुढे पाऊस येतो. या आवाजांवर खोलीतला ताण चढत जातो. शिवाय वादातला एक कळीचा मुद्दाच आवाजाचा आहे. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यानं मुलाची धमकी ऐकली म्हणे, पण त्याच वेळी उघड्या खिडकीशेजारून आगगाडी धडधडत जात होती, तर त्याला ऐकू आलं कसं? या प्रश्नाशी पोहोचलेला माणूस उठून गेलेला मी अजून पाहिलेला नाही. कॅमेऱ्याचीही एक गंमत आहे: सुरुवातीला तो माणसांच्या नजरेच्या वर असतो, हळूहळू खाली येतो, भिंगंही बदलत जातात आणि भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात. ते दुसऱ्यांदा पाहताना शोधा.

याच्यापाठोपाठ हिचकॉकचा ‘रिअर विंडो’, १९५४. पाय मोडून घरात अडकलेला एक छायाचित्रकार खिडकीतून समोरच्या घरांकडे बघत बसतो. आपल्यालाही त्याच्याच खोलीतून ऐकू येतं. रेडिओ, भांडण, बाटल्या, रस्त्यावरचे भोंगे, सगळं अंतरावरून आणि अर्धवट. शीर्षकांचा भाग सोडला तर संगीत बहुतेक त्या चौकातूनच येतं. समोर एक संगीतकार राहतो, तो पियानोवर एक चाल जुळवतो आहे. ती चाल चित्रपटभर अडखळत पुढे सरकते. तिच्यावर कान ठेवा. खून झाला की नाही यापेक्षा मला दर वेळी त्या चालीचं काय होतं याचीच उत्सुकता असते.

हे दोन पचले की १९३१ मध्ये उडी मारा. फ्रिट्झ लांगचा ‘एम’. माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा याची सुरुवात दाखवते, आणि त्याआधी डोळे मिटून ऐकायला लावते. शहरात लहान मुलांचे खून होत आहेत. चाळीसारख्या इमारतीच्या चौकात मुलं खुन्याचंच बडबडगीत म्हणत खेळताहेत. एक बाई त्यांच्यावर ओरडते. दुसरी म्हणते, निदान ती ऐकू येताहेत तोवर आहेत हे तरी कळतं. बस्स, पुढच्या दोन तासांचं सगळं बी त्या वाक्यात आहे. मग एक आई मुलीची वाट पाहते. घड्याळ वाजतं. ताट मांडलेलं आहे. जिन्यावर पावलं वाजतात, पण ती दुसऱ्याच मुलांची. आई हाक मारते, ‘एल्सी!’, आणि त्या हाकेवर लांग एकामागून एक रिकाम्या जागा दाखवतो: रिकामा जिना, कपडे वाळत घातलेला माळा, रिकामी खुर्ची. हाक दूर दूर जाते. मग एक चेंडू घरंगळत येतो आणि तारांत अडकलेला फुगा दिसतो. खून दाखवलेला नाही, किंकाळी नाही, संगीत नाही.

लांगचा हा पहिला बोलपट. हाती आवाज नुकता आला होता आणि इतर बरेच जण तो मिळेल तिथे ओतत होते. यानं त्याचा वापर माणूस नसल्याचं सांगण्यासाठी केला. चित्रपटात अधूनमधून काही तुकडे पूर्ण निःशब्द आहेत, रस्त्याचासुद्धा आवाज नाही. कॉपी बिघडली असं समजून आवाज वाढवू नका. खुन्याची ओळखही कानानंच पटते. पीटर लोरे रंगवतो तो माणूस अस्वस्थ झाला की ग्रीग या संगीतकाराची एक चाल शिळेवर वाजवतो, आणि ती शीळ ओळखतो एक आंधळा फुगेवाला. लोरेला स्वतःला शीळ घालता येत नव्हती, ती दुसऱ्यानं घातली आहे.

यानंतर आपल्याकडच्या १९३७ सालात या. व्ही. शांताराम यांचा ‘कुंकू’, हिंदीत ‘दुनिया न माने’. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेली मुलगी त्याला नवरा मानायला नकार देते. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा हा चित्रपट. शांता आपटे आणि केशवराव दाते दोघंही जबरदस्त आहेत, पण मी त्याला इथे आणते ते एका धाडसासाठी: त्यात पार्श्वसंगीत नाही. आजही एखाद्या निर्मात्याला ‘इथे संगीत नको’ हे पटवताना घाम फुटतो. शांतारामांनी अख्खा चित्रपट घरातल्या आवाजांवर तोलला आहे. भिंतीवरचं घड्याळ तर या घरात पात्रासारखं वावरतं. शांता आपटे यात लाँगफेलोची एक इंग्रजी कवितासुद्धा गातात. तो प्रसंग पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटेल, पण त्या मुलीनं त्या क्षणी तेच का म्हणावं याचा विचार करून पाहा.

पुढचा ‘संत तुकाराम’, १९३६, दामले आणि फत्तेलाल यांचा. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरवला गेला म्हणून पाहू नका. विष्णुपंत पागनीस गातात कसे ते ऐकायला पाहा. गाणं सुरू झालं असं वाटतच नाही, बोलण्यातूनच ते वर येतं. दाखवण्यासाठी घेतलेली एक तान नाही. तुकोबांचा हेवा करणाऱ्या सालोमालोच्या तोंडीही गाणं आहे, आणि दोघांच्या गळ्यांतला फरक हीच त्या चित्रपटाची खरी गोष्ट आहे. केशवराव भोळे यांनी तो फरक संगीतातून बांधला आहे. ‘आधी बीज एकले’ हे शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलं. कितीतरी लोक ते तुकोबांचंच समजतात, इतकं ते बेमालूम बसलं आहे. चमत्कारांच्या दृश्यांना हसू येण्याची भीती वाटत असेल तर मनात एकच ठरवा: डोळे पागनीसांच्या चेहऱ्यावर ठेवायचे. गौरी या अभिनेत्रीनं रंगवलेली तुकोबांची बायको तर कुठल्याही काळातल्या पडद्यावर उभी राहील.

आपल्या बोलपटांची अगदी सुरुवात पाहायची असेल तर एक लक्षात ठेवा. १९३१ चा ‘आलम आरा’ शोधण्यात वेळ घालवू नका, त्याची एकही प्रत उरलेली नाही. हाती असलेला सर्वांत जुना भारतीय बोलपट ‘अयोध्येचा राजा’, १९३२ चा. यात माणसं एका जागी खिळल्यासारखी उभी राहून बोलतात, कारण मायक्रोफोन जवळपास कुठेतरी लपवलेला असे आणि त्याच्यापासून लांब जाणं परवडत नसे. गाणारा तिथेच गात असे, वाजवणारे चौकटीबाहेर बसत. पार्श्वगायन हिंदीत आणि बंगालीत आलं ते १९३५ मध्ये, न्यू थिएटर्स या कलकत्त्याच्या चित्रसंस्थेच्या ‘धूपछाँव’ आणि ‘भाग्यचक्र’मधून. हे माहीत असलं की ‘अयोध्येचा राजा’मधल्या तरुण दुर्गाबाई खोट्यांचं अवघडलेलं उभं राहणं कंटाळवाणं वाटत नाही. मायक्रोफोन कुठे असेल हे शोधत पाहायला मला फार आवडतं. हिचकॉकच्या १९२९ च्या ‘ब्लॅकमेल’मध्ये तर नायिकेचा उच्चार परदेशी वाटत होता म्हणून ती नुसते ओठ हलवते आणि चौकटीबाहेर उभी राहिलेली दुसरी नटी तिथल्या तिथे संवाद बोलते. त्याच चित्रपटात शेजारीण खुनाबद्दल बडबडत असते, आणि रात्री सुरीनं एकाचा जीव घेतलेल्या नायिकेला त्या गढूळ बडबडीतून ‘नाइफ’ एवढा एकच शब्द लख्ख ऐकू येतो. आवाजाचं हे काम मी आज संगणकावर करते. त्यांनी ते १९२९ मध्ये केलं.

मूकपट मी मुद्दामच मागे ठेवले आहेत, कारण ते नीट ऐकायला थोडे तयार कान लागतात. सुरुवात चॅप्लिनच्या ‘सिटी लाइट्स’नं करा. १९३१ मध्ये सगळे बोलत असताना चॅप्लिननं बोलायचं नाकारलं, संगीत मात्र स्वतः रचलं. अगदी पहिल्या दृश्यात पुतळ्याच्या अनावरणाची भाषणं पिपाणीसारख्या चिरक्या आवाजात ऐकू येतात. बोलपटाला दिलेलं ते उत्तर होतं. पण मी ज्यासाठी हा चित्रपट पुन्हा पुन्हा पाहते ते पुढे आहे. आंधळ्या फुलवालीला हा फाटका माणूस श्रीमंत वाटला पाहिजे. कसा वाटणार? तो गर्दीतून वाट काढायला उभ्या मोटारीत एका दारानं शिरतो आणि दुसऱ्यानं बाहेर पडतो. ती दार लागल्याचा आवाज ऐकते आणि समजते, कुणीतरी बडा माणूस उतरला. आपल्याला तो आवाज ऐकू येत नाही, तरी कळतो. या एका भेटीसाठी चॅप्लिननं शेकडो वेळा चित्रीकरण केलं. संपूर्ण कथा त्या न ऐकलेल्या दारावर उभी आहे.

मूकपटांच्या बाबतीत कॉपी निवडणं फार महत्त्वाचं. चॅप्लिनच्याच ‘द गोल्ड रश’च्या दोन आवृत्त्या आहेत. १९२५ ची मूळ आणि १९४२ ची काटछाट केलेली, जिच्यात तो स्वतः निवेदन करतो. आधी मूळची पाहा. मुर्नाउचा १९२२ चा ‘नोस्फेरातू’ घ्याल तर रंगाच्या छटा दिलेलीच प्रत घ्या. रात्रीची दृश्यं दिवसाउजेडी चित्रित करून फिल्म निळ्या रंगात बुडवत. निव्वळ काळ्यापांढऱ्या कॉपीत तो रक्तपिपासू लख्ख उन्हात हिंडतो आणि भीती पार निघून जाते. संगीत आवडलं नाही तर दुसऱ्या संगीताची कॉपी शोधा. पण सगळं गप्प करून पाहू नका, तसं हे चित्रपट चित्रपटगृहात कधी पाहिलेच जात नसत.

मग एका आठवड्यात दोन चित्रपट जोडीनं पाहा. पहिला मुर्नाउचाच ‘सनराइज’, १९२७. त्याला स्वतःची ध्वनिपट्टी आहे, तीच असलेली प्रत निवडा. शेवटाकडे रात्री पाण्यावर एक माणूस आपल्या बायकोला हाका मारतो. तोंड उघडलेलं दिसतं, आणि शब्दाऐवजी एका हॉर्नचा सूर पाण्यावरून जातो. दुसरा ‘पथेर पांचाली’, १९५५. यात आई, सर्वजया, एका क्षणी कोसळते. तीही तोंड उघडते, आणि सत्यजित राय तिचं रडणं काढून टाकून तिथे तारशहनाई हे गजानं वाजवायचं तंतुवाद्य ठेवतात, पटदीप रागातले उंच स्वर, रविशंकरांच्या संगीतातले. दोन्हींच्या मध्ये अठ्ठावीस वर्षं आहेत, भाषा वेगळी, देश वेगळा. माणसाच्या गळ्याला जे पेलत नाही ते वाद्याकडे सोपवायचं, हे मात्र दोघांना सुचलं. ‘पथेर पांचाली’ची मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या आगीत होरपळली. २०१५ मध्ये ती वाचवून नवी प्रत तयार झाली, तीच पाहा. जुन्या धुरकट कॉपीवर हा चित्रपट पाहून ज्यांनी मत बनवलं त्यांनीही पुन्हा पाहावा.

एवढं झालं की संथ चित्रपट संथ राहत नाहीत. ओझूचा ‘टोकियो स्टोरी’, १९५३, आता लावा. म्हातारे आईवडील शहरातल्या मुलांकडे जातात आणि मुलांना वेळ नसतो, एवढीच गोष्ट. बंदरातल्या बोटींची ठकठक, हातातले पंखे, लांबून जाणारी गाडी यांकडे लक्ष ठेवा. कुरोसावाचा ‘इकिरू’, १९५२: तेच एक जुनं गाणं ताकाशी शिमुरा दोन ठिकाणी गातो, दोन्ही वेळचा आवाज पारखून बघा. ‘कॅसाब्लांका’, १९४२, प्रेमकथेसाठी पाहाच, पण कॅफेमध्ये जर्मन अधिकाऱ्यांच्या गाण्यावर ‘मार्सेयेज’ हे फ्रान्सचं राष्ट्रगीत चढत जातं तिथे कान टवकारा. तिथल्या कलाकारांत खरोखरच युरोपातून पळून आलेले लोक होते. डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ज’, १९४८, पाहताना ओठ आणि शब्द किंचित जुळत नाहीत असं वाटेल. तो कॉपीचा दोष नव्हे, इटलीत आवाज नंतर भरायची पद्धतच होती.

ऋत्विक घटकांचा ‘मेघे ढाका तारा’, १९६०, मात्र थकलेल्या दिवशी लावू नका. घर सांभाळता सांभाळता झिजत जाणाऱ्या नीताची गोष्ट. घटक चित्रात नसलेला चाबकाचा फटकारा ध्वनिपट्टीवर ठेवतात. चाबूक कुठेच दिसत नाही, कुणी कुणाला मारत नाही, आणि तरी आपण दचकून मागे सरकतो, कारण तो फटका तिच्या आतला आहे. वास्तवाशी काडीमात्र संबंध नसलेला आवाज इतका खरा वाटू शकतो हे मला या चित्रपटानं शिकवलं. हा हेडफोन लावूनच पाहा, आणि त्यानंतर त्या रात्री दुसरं काही लावू नका.

‘सिटिझन केन’, १९४१, यादीत सगळे पहिला टाकतात. मी त्याला इथे, शेवटी ठेवते. ऑर्सन वेल्स रेडिओतून आला होता. माणसं एकमेकांचं वाक्य तोडतात, एका काळात सुरू झालेलं वाक्य दुसऱ्या काळात संपतं. शेवटाकडे त्या अवाढव्य महालात नवरा-बायको एकमेकांशी बोलतात तेव्हा शब्द घुमत जातो, आणि दोघांमध्ये किती अंतर पडलं आहे ते त्या घुमण्यातून कळतं. पहिल्यांदा पाहताना चित्राकडे बघा, ग्रेग टोलंडचं छायाचित्रण आहेच तसं. मग आठवडाभरानं पुन्हा लावा आणि या वेळी पहिला अर्धा तास पडद्याकडे पाठ करून बसा.